खिडकीतला पेलिकन

एक्स-रेचा रिपोर्ट मिळायला वेळ होता, म्हणून मी हॉस्पिटलच्या छोट्या चॅपलमध्ये जाऊन बसलो. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बायका रंगीत काचांच्या खिडकीकडे पाहत बोलत होत्या.

“ताई, तो पक्षी स्वतःलाच चोच का मारतोय हो?”

“पेलिकन आहे तो. पिल्लं उपाशी आहेत, म्हणून छाती फोडून त्यांना आपलं रक्त पाजतोय. आम्ही त्यात येशूला बघतो. त्यानंही आमच्यासाठी रक्त सांडलं.”

“अगंबाई! आणि पिल्लं मोठी झाल्यावर?”

“ते काही खिडकीत दाखवलेलं नाही.”

“माझी दोन्ही परदेशात गेली. फोन करतात, नाही असं नाही.”

“तुमचं कोण ॲडमिट आहे इथे?”

“मीच. उद्या ऑपरेशन आहे. बाहेर बसायला घरचं माणूस हवं म्हणतात. येतील म्हणून सांगून टाकलंय.”

“येणारेत?”

“कळवलंच नाही मी. उगाच त्यांच्या जिवाला घोर. तुमचं कोण आहे?”

“नवरा. वरच्या मजल्यावर. मला ओळखत नाहीत आता. रोज विचारतात, बाई, तुम्ही कोणाच्या?”

“मग काय सांगता?”

“काय सांगणार? उशी नीट करते आणि इथे येऊन बसते.”

एवढं बोलून ती शेजारणीकडे वळली.

“उद्या कधी नेणार तुम्हाला?”

“सकाळीच. का हो?”

“मी बसेन बाहेर. कोणी विचारलं तर बहीण म्हणून सांगते.”

“थोरली की धाकटी?”

“धाकटी. पण मग ते अहो-जाहो सोडा, नाहीतर लगेच पकडल्या जाऊ.”

“बरं. मग सकाळी लवकर ये गं.”