पाळण्यातला वरवंटा

— व्हय मावशी, बारशाच्या दिवशी दुपारचे सव्वातीन वाजले होते, तिथून सुरू झालं हे समदं. पाळणा सजवलेला, आयाबाया जमलेल्या, आन् पोरगी इथं दवाखान्यात, ह्या काचेच्या पेटीत — लवकर झालेली ना, मुठीएवढी! मी म्हणलं, बारसं राहू द्या. पण आमच्या सासूबाई दगडाबाई, त्या ऐकतात व्हय? ‘बाळाच्या आधी वरवंटा घालतातच की पाळण्यात, आता तोच राहू दे. रिकामा पाळणा हलवू नाय.’ घातलं वरवंट्याला टोपडं! नणंद वाकली कानात नाव सांगायला — आन् थबकली. कान कोणत्या टोकाला? बाया हसून लोळल्या. मी बी हसले, खोटं कशाला बोलू. शेवटी तिनं दोन्ही टोकांना नाव सांगितलं. तवापासून वरवंटा पाळण्यात, आन् घरात चटणी बंद!

वरच्या खोलीतल्या प्रेरणाताई तर टाळ्या पिटायल्या. त्या काय करतात? — कंप्युटरच्या मशीनला इंग्रजीचं व्याकरण शिकवतात. मी सातवी शिकलेली, पण त्यांनी सांगितलं तेवढं कळलं. आपण म्हणतो, पाऊस पडतोय. इंग्रजीत म्हणं, ‘इट इज रेनिंग’. हा इट कोण? कोणीच नाय! त्यांच्यात वाक्याची पहिली जागा रिकामी ठेवत नाहीत, म्हणून बिनअर्थाचा शब्द बसवतात. मशीन मात्र हटून बसली — हा कोण, पाऊस पाडतो कसा? शेवटी ताईंनी तिला नेम घालून दिला — ह्याला जागा द्यायची, काम नाय द्यायचं. ‘तुमचा वरवंटा म्हंजे माझा इटच, वहिनी!’

हसा, हसा. पण मला घोर लागलाय — नाव दगडालाच लागलं असलं तर? म्हणून सिस्टरला अजून नाव सांगितलंच नाय. त्या ‘सुरेखाचं बाळ’ म्हणतात, म्हणू देते. घरी तर — कुणाला बोलू नका — अंगाई म्हणते मी वरवंट्याला. दूध दाटलं की त्यालाच पोटाशी धरते. येडी म्हणा! ताईंनी बघितलं एकदा, तवा हसल्या नाहीत. म्हणल्या, ‘तो नुसती जागा धरून बसलाय, वहिनी. त्याला काही चिकटत नाय. नाव पोरीचंच.’

पटलं का? — पटतंय, आन् नाय बी... थांबा, हाक कुणाला? सुरेखाचं — आले, आले! काय म्हणता सिस्टर, पेटीतून काढली? माझ्या हातात देता? — अंबिका म्हणा, सिस्टर! नाव हाय तिला, अंबिका!

मावशी, उठा आता, बघत काय बसलाव! खाली चहाच्या टपरीवर हिरव्या लुगड्यातल्या सासूबाई असतील. तेवढं सांगा त्यांना — वरवंटा उचला, चटणी वाटा, पाळण्याची मालकीण येतीय.