रिकामी रिक्षा

(प्रयोगशाळा. संध्याकाळ. नवरा सिंकपाशी काचेची भांडी धुतोय, बायको झाडाची पानं निवडतेय. दोघं इथेच काम करतात.)

बायको : ठेव ती भांडी. आठवडाभर बघतेय, न सांगता धुतोयस. घरी कधी कप विसळत नाहीस. काय लपवतोयस?

नवरा : काही नाही गं. तू दमलीस म्हणून.

बायको : मी गेली नऊ वर्षं दमलेलीच आहे. तुला आत्ता दिसलं?

नवरा : सोमवारी तुझं भाषण आहे. ते होऊ दे, मग सांगतो.

बायको : म्हणजे भाषणाचंच काहीतरी आहे. बोल.

नवरा : तू माहेरी गेली होतीस ना, तेव्हा मी विषाणू लागलेल्या पेशींवर नुसते कण टाकून बघितले. चांदीचे. तुझ्या पानांचा अर्क न चढवता.

बायको : नुसते कशाला? तुझे नॅनोकण म्हणजे रिक्षा. अर्क एकटा पेशीत शिरत नाही, म्हणून त्याला रिक्षात बसवून पाठवायचं. विषाणूला मारतो तो अर्क.

नवरा : रिकामी रिक्षाच काम करून आली.

बायको : काय?

नवरा : विषाणू तेवढेच मेले. अर्क असो, नसो.

बायको : कणांनी पेशीच मेल्या असतील, मग विषाणू वाढणार कुठे?

नवरा : पेशी ठणठणीत आहेत.

बायको : मग परत करून बघायचंस!

नवरा : केलं. शेवटच्या वेळी तर हात जोडून केलं, खोटं ठरू दे म्हणून.

बायको : तुझेच कण चालतायत, आणि खोटं ठरू दे?

नवरा : आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

बायको : ही तर पहिल्याच वर्षी करायची गोष्ट.

नवरा : तेव्हा तू इतकी खूश होतीस. माझी जीभच रेटली नाही.

बायको : मला सुचलं नव्हतं असं थोडंच आहे.

नवरा : सोमवारी नको सांगूस. भाषण तेवढं दे. नंतर हळूहळू बघू.

बायको : आणि कुणी आजारी माणूस या पानांच्या भरवशावर बसला तर? नऊ वर्षं खुडली, वाळवली, कुटली. बोटांचा वास जात नाही माझ्या. पण खोटं नाही बोलवणार.

नवरा : मग काय सांगशील?

बायको : रिक्षा चालते म्हणून सांगेन. तू शेजारी उभा राहा.

नवरा : राहीन. चल आता घरी. ड्रायर बंद करतो.

बायको : थांब, आतली पानं अजून ओली आहेत.

नवरा : आता कशाला वाळवायची?

बायको : ओली ठेवली तर कुजतील रे. त्यांचा काय दोष?