नाव बादलचं आलं

—तसं सगळेच म्हणतात हो, अचानक चावला. आधी बसा. त्या खुर्चीवर नको, पाय हलतो तिचा, इथं कट्ट्यावर. आणि पट्टा जरा सैल सोडा – तुम्ही ताणलात की त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. हां, बघा, बसला ब्रूनो. तर मुलाच्या मनगटाला चावला, सोसायटीनं नोटीस दिली, तुम्ही डोंबिवलीहून गाडी काढून टिटवाळ्यापर्यंत आलात, आणि आता म्हणताय, मंजुळाताई, ठेवून घ्या याला, रॉटवायलर ही जातच वाईट. चार वर्षं घरात होता तेव्हा कुठं होती याची जात? नाही, टोमणा नाही मारत, टोमणे मारायलाही ताकद लागते. माझ्या शेडमध्ये अकरा कुत्री आहेत आत्ता, सगळे असेच आलेले – कोणाचं लग्न ठरलं, कोणाला बाळ झालं, कोणी पेपरात काहीतरी वाचलं.

आणि सगळे गरीब गाय असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. हा हात बघा. मागच्या वर्षी, याच्यासारखाच एक, मी जेवणाचं भांडं उचलायला वाकले – चूक माझीच – तरी सोळा टाके. लहान कुत्रा चावून पळतो, यांचे दात एकदा रुतले की सुटत नाहीत. लोक घाबरतात ते काही वेडे नाहीत. पण घाबरल्यावर नाव कोणाचं घेतलं जातं, ते मी बघितलंय ना. आमच्या बादलचं नाव असंच आलं.

बादल माझ्या मुलाचा, सिद्धेशचा. पिटबुल. हा एवढा जबडा, नि कुकरची शिट्टी झाली की टेबलाखाली. तेव्हा आम्ही डोंबिवलीतच होतो, तिसऱ्या मजल्यावर. माझी स्वतःची एक पॉमेरियन होती, चिंगी – अकरा वर्षांची, डोळ्यांत मोतीबिंदू, मागून कोणी हात लावला की दचकायची. आणि शेजारची सान्वी, सात वर्षांची, दिवसभर आमच्याकडेच. त्या दुपारी मी पोळ्या करत होते, सिद्धेश कंपनीत गेलेला, आणि पोरगी ओरडली. बाहेर येऊन बघते तर गालातून रक्त. चार टाके पडले. तिची आई धावत आली, तिनं बादलकडे बघितलं आणि म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, हे जनावर बिल्डिंगमध्ये नको." मी हो म्हटलं नाही हो. नुसतं नाही म्हटलं नाही.

काय? – हो. चिंगी चावलेली. तिच्या पांढऱ्या तोंडाला रक्त लागलेलं, मी पदरानं पुसलं. बादल टेबलाखाली थरथरत होता. आता बोलून गेलेच आहे तर ऐका. सोसायटीची मीटिंग झाली, बादलला काढा म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या. सिद्धेश म्हणाला, "आई, घरात तू होतीस, तू सांग." मी म्हटलं, मी गॅसपाशी होते रे, मला नाही दिसलं. चिंगीचं कोणाला खरं वाटलं असतं, असं मी स्वतःला सांगायची. वाटलं असतं. सांगितलं असतं तर वाटलं असतं. पण मग चिंगीला न्या म्हणाले असते, आणि ती माझ्या उशाशी झोपायची. बादलला मुरबाडकडे एकाच्या फार्महाऊसवर दिला. साखळीला. आठ महिने जगला. चिंगी पुढं दोन वर्षं होती, माझ्या मांडीवर.

सान्वी आता दहावीला आहे. मध्यंतरी स्टेशनबाहेर भेटलेली, गालावर बारीक रेघ. म्हणाली, काकू, मोठा कुत्रा दिसला की मी रस्ता बदलते, छोटे चालतात मला. तिलासुद्धा बादलच आठवतो. मला वाटायचं, ही पोर कधीतरी खरं बोलेल नि मी सुटेन. पण एवढ्या मोठ्या माणसांनी इतक्या वेळा सांगितल्यावर ती तरी काय करणार? आणि सिद्धेश – तो सगळ्यांना सांगत फिरतो, आईनं बादलच्या आठवणीत हे उभं केलं, आईसारखं मन नाही कोणाचं. दर रविवारी येतो, तांदळाची पोती उतरवतो, शेड धुतो. मी बघत बसते.

असो. तुमच्या मुलाचा हात बरा आहे ना? मग ठेवते मी याला. पण तेव्हा खोलीत काय चाललेलं, तेवढं सांगा. मुलगा याच्या अंगावर बसला, का कोणी याला मारलं – कळायला नको मला? उद्यापासून मी हाताळणार आहे. तुम्ही होतात ना तिथं? ... अहो, जमिनीकडे काय बघताय.

बरं. राहू द्या.

फोन? माझाच वाजतोय. वाजू दे, सिद्धेश असेल, या वेळेला करतोच तो. नाही, नंतर बोलेन. पट्टा द्या इकडे. त्याच्या डोक्यावरून हात नका फिरवू जाताना, मग दिवसभर गेटपाशी बसून राहतात हे. निघा तुम्ही. कडी बाहेरून लावून घ्या.