ओली फरशी

वासण्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात नलिनीताई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून होती. दोघांच्या पायाशी एक तपकिरी कुत्रा निजला होता.

“डॉक्टरांना काय सांगणार, कोमल?”

“जे होतंय तेच, अप्पा. एवढी वर्षं शहाण्यासारखा बाहेर जायचा, आता घरात करतो. पुन्हा पिल्लासारखं शिकवतेय त्याला. पहाटे खाली नेते, दुपारी नेते, झोपायच्या आधी नेते. तरी सकाळी तुमच्या खोलीतली फरशी ओलीच.”

“उन्मेष काय म्हणतो?”

“म्हणतात, देऊन टाकू. हालोलला मित्राचं शेत आहे त्यांच्या.”

“तिथे बांधून ठेवतील गं त्याला.”

“ठेवतील. पण माझ्यात आता जोर नाही उरला, अप्पा.”

नलिनीताईंनी टोपलीवरचा टॉवेल उगाच सारखा केला.

“कोमल, भुऱ्याला रागावत जाऊ नकोस.”

“मग काय करू?”

“तो नाही करत. मी… बाथरूमपर्यंत पोचत नाही गं.”

“रोज?”

“बहुतेक रोज. तू त्याला ओरडायचीस आणि मी गप्प बसायचो.”

कोमलने खाली वाकून भुऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“भुऱ्या कोण? आवो, बेन!” आतून कंपाउंडरने हाक मारली.

कोमल उठली. “इथून तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ, अप्पा. दोघंच. ह्यांना मी सांगेन काहीतरी.”

“शुं थयुं छे एने?” कुत्र्याला काय झालंय, असं कंपाउंडरने गुजरातीत विचारलं.

“कंई नथी थयुं, भाई,” कोमल म्हणाली. “फक्त नख कापवाना छे.”