शिट्टीबंदीचा फेरविचार

लालासाहेब : म्हंजे माझ्याच घरात मला माझीच शिट्टी वाजवता येत न्हाई?

अंकिता : रविवारी घरच्या बैठकीत ठरलंय ना, आबा. पहाटे शिट्टी वाजवायची नाही. बाजूनं आम्ही तिघं, विरोधात तुम्ही एकटे.

लालासाहेब : फौजेत आख्खी पलटण उठायची ह्या शिट्टीवर.

शालूबाई : पलटणीला पगार हुता.

लालासाहेब : सूनबाई, लिहून घे. त्या ठरावाचा फेरविचार करावा, आसं मी मांडतो.

अंकिता : तुम्हाला मांडता येत नाही. जी बाजू जिंकली, तिच्यातल्याच कुणीतरी फेरविचार मागायचा. हरलेल्यानं नाही.

लालासाहेब : आसला येडा नियम केला कुणी?

शालूबाई : तुमीच. मला लोणंदला भनीकडं ऱ्हायला जायचं हुतं तवा. मी हारले, दुसऱ्या दिशी परत इषय काढला, तर लगीच नियम.

लालासाहेब : मग उदयसिंहाला फोन लाव. त्यो जिंकलेला हाय, मागंल.

अंकिता : सकाळीच विचारलं त्यांना. म्हणाले, कुपवाडच्या कारखान्यात पाळ्या करून सुट्टीला घरी येतो, ते झोपायला येतो.

लालासाहेब : मग माझा हात मोजा. बाजूनं कोण म्हटल्यावर मीबी जरा वर केल्ता.

शालूबाई : माशी हाकलत हुतासा.

लालासाहेब : हात तर वर गेल्ता न्हवं?

अंकिता : बरं. मग आबा शिट्टीबंदीच्या बाजूनं होते, असं लिहू?

लालासाहेब : लिहू नगंस. शिट्टीच्या विरोधात माझं नाव न्हाई लागू द्यायचो.

शालूबाई : मग बसा गप.

लालासाहेब : बसतो.

(लालासाहेब शिट्टी खिशात घालतात.)

शालूबाई : अंकिता, लिहून घे. फेरविचार मी मागती.

अंकिता : आई, बंदी तुम्हीच मांडली होती.

शालूबाई : म्हणून तर मागता येतोय. शिट्टी बंद झाली, आन् आता पहाटं जाग येती तर ह्यांचा आवाजच न्हाई. अंधारात चाचपून बघती, छाती हालतीया का. लय भ्या वाटतं बग.

लालासाहेब : आगं, मी जागाच आसतो. शिट्टी मुठीत धरून पडल्याला.

शालूबाई : मला काय ठावं?

अंकिता : माझं अनुमोदन. बाजूनं कोण? आबा, हात वर करा ना.

लालासाहेब : हिनं धरलाय.

शालूबाई : मग दुसरा करा. ह्यो ऱ्हाऊ द्या.