हर्षूचं इंग्रजी वाक्य

आमच्या हर्षूनं शाळेच्या वहीत एक इंग्रजी वाक्य लिहिलं होतं, त्याची गोष्ट सांगतो. लिंबायतला दादा अन् मी एकत्र राहायचो. दोन खोल्या, नऊ माणसं. शेवटी दादानं मागच्या गल्लीत खोली घेतली, रविवारी तिकडे जायचं ठरलं. भांडण नव्हतं, पण आठवडाभर कुणी कुणाशी धड बोलेना.

त्यात शाळेनं माझ्या पोरीला 'डिसइंटिग्रेट' हा शब्द वाक्यात वापरायला दिला. हर्षूनं इंग्रजीत जे लिहिलं त्याचा अर्थ, "रविवारी आमची फॅमिली डिसइंटिग्रेट होणार आहे." टीचरचा घाबरून फोन आला.

दादानं तिला विचारलं, "म्हणजे काय गं?"

"मोठे पप्पा, काच फुटली तर तुकडे तरी राहतात. यात पार भुगा होतो."

दादा माझ्याकडे बघत म्हणाला, "चूक लिहिलंय ना रे?"

रविवारी सामान गेलं. संध्याकाळी दादा दारात हजर. "चला सगळे. तुझ्या वहिनीनं सवयीनं नऊ जणांची खिचडी टाकलीय."

हर्षूनं वही उचलली. "मोठे पप्पा, वाक्य खोडू?"

"खोड," दादा म्हणाला, "पण तिकडे येऊन खोड. खिचडी गार होतेय."