जात्यावरची एकशे बारा

गुरुशांत : “आधी एका पानावर करून बघ, मग सगळ्यांना लाव.” सिद्धलिंग सर काम शिकवताना रोज हेच सांगायचे, अव्वा. मी ऐकलं नाही.

सिद्धेश्वरी : म्हणजे माझा फोन बिघडला नाही?

गुरुशांत : नाही. आत्यानं जमवलेल्या कन्नड गाण्यांची वेबसाइट मी नव्या सर्व्हरवर हलवली. अक्षरं नीट दिसेनात, म्हणून पीएचपीत, म्हणजे साइटच्या कोडमध्ये, अक्षरं बदलून घ्यायची सेटिंग लावली. युनिकोड ठेवायचं तिथं लॅटिन ठेवलं. त्यात कन्नड बसतच नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आलं.

सिद्धेश्वरी : मग सेटिंग परत फिरव की.

गुरुशांत : फिरवली. पण बदललेलं मी मूळ गाण्यांवरच सेव्ह केलं होतं. आता आत प्रश्नचिन्हंच आहेत.

सिद्धेश्वरी : सगळी गाणी?

गुरुशांत : एकशे बारा. जुना सर्व्हरही शनिवारी बंद केला. आत्याची वही काढ, मी परत टाइप करतो.

सिद्धेश्वरी : वही नाही रे.

गुरुशांत : कुठं गेली?

सिद्धेश्वरी : वन्संना बसवून समाधी दिली, तेव्हा मीच त्यांच्या मांडीवर ठेवली. गावोगाव जात्यापाशी बसून त्यांनी जमवलेली. तू म्हणालास, साइटवरचं कुठं जात नाही.

गुरुशांत : म्हणालो होतो.

सिद्धेश्वरी : तुला बोल लावत नाही. ठेवताना मला बरंच वाटलं होतं.

गुरुशांत : जेवलीस का?

सिद्धेश्वरी : लिंगपूजा झाली. पण वन्संना शब्द दिलाय, सोमवारी त्यांचं एक गाणं म्हटल्याशिवाय ताटावर बसायचं नाही.

गुरुशांत : एखादं पाठ असेल की.

सिद्धेश्वरी : चाल येते. शब्द फोनात बघायची सवय लागली.

गुरुशांत : आत्याला ही गाणी दिली कुणी?

सिद्धेश्वरी : निम्मी गंगम्मानं. अक्कलकोटच्या पुढं राहते, नव्वदीची झाली. मला बघितलं की म्हणायची, “सोलापूरची सून, जात्याचा खुंटा तरी हलंल का हिच्यानं?”

गुरुशांत : तिला अजून आठवतील?

सिद्धेश्वरी : नुसतं विचारलं तर एक ओळ सांगून चहा मागेल. दळायला बसली की आठवतील. जेवढी आठवतील तेवढी.

गुरुशांत : गाडी काढतो. रेकॉर्ड करू.

सिद्धेश्वरी : कर. मी लिहूनही घेईन.

गुरुशांत : दोन घास खाऊन तरी निघ.

सिद्धेश्वरी : तिथं खाईन, एक गाणं झाल्यावर. थांब, शेरभर जोंधळे बांधून घेते. रिकामं जातं फिरवून गात नाही ती.